गरीब वस्तीत परवडणारं पाळणाघर काढलं तर बायकांची कमाई खरंच वाढते का?

तुम्ही विचारलंय की, महिला गटामार्फत वस्तीत कमी फीचं पाळणाघर काढलं तर आयांच्या हातात चार पैसे जास्त येतील का, की नुसती मुलं सांभाळायची सोय होईल. येतील. पण फी किती यापेक्षा दार कधी उघडतं आणि कधी बंद होतं यावर ते जास्त ठरतं, असं माझं मत आहे. मी अशाच एका पाळणाघराची हजेरी आणि हिशेब बघायचे, त्यावरून सांगते.

आमचं दार नऊला उघडायचं. घरकाम, झाडलोट ही कामं त्याच्या कितीतरी आधी सुरू होतात. त्यामुळे हजेरीत 'सोडायला कोण आलं' या रकान्यात आईचं नाव क्वचितच असायचं. बहुतेक वेळा 'मोठी बहीण'. ती यायची शाळेच्या गणवेशात, कडेवर भाऊ, आणि शाळा केव्हाच भरलेली. आईचा खाडा टळत होता तो मुलीची शाळा बुडवून. पुढे दार सातला उघडायला लागलं आणि त्या रकान्यात आया दिसू लागल्या. फीला कोणी हातही लावला नव्हता.

संध्याकाळी तर आणखी कठीण. ठेकेदार वेळेवर सोडेल याचा नेम नाही, पाळणाघर मात्र ठरल्या वेळी बंद. ही धाकधूक नको म्हणून बायका घरीच नगावर मिळणारं काम धरतात. त्यात पैसे कमी, आणि मांडीवर मूल असताना नग तरी किती होणार? मुलाला जरा कणकण आली की घरी पाठवायचं, हा नियमही असाच. तो बरोबरच आहे, पण त्या दिवशीची मजुरी गेली हे धरून चाला.

मापलेला आकडा हवा असेल तर केनियाची राजधानी नैरोबीतल्या कोरोगोचो झोपडपट्टीतला अभ्यास बघा, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला. काही आयांना सोडतीने निवडून पाळणाघराच्या फीसाठी व्हाउचर दिली. त्यांच्यात काम करणाऱ्यांचं प्रमाण, व्हाउचर न मिळालेल्यांपेक्षा सरासरी 8.5 टक्के बिंदूंनी, म्हणजे शंभर जणींमागे साधारण आठ-नऊ जणींनी, जास्त निघालं. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ही वाढ मुख्यतः विवाहित आयांमध्ये दिसली. एकट्या आयांचे कामाचे तास उलट कमी झाले, तरी कमाई घटली नाही, कारण त्यांना ठरावीक वेळेची कामं धरता आली. आता तुमच्या गटाला पैसे देणारा 'किती बायकांना काम लागलं' एवढंच विचारणार असेल, तर या एकट्या आयांचा फायदा त्याच्या तक्त्यात शून्य दिसेल. तेव्हा तास आणि कमाई दोन्ही लिहून ठेवा.

कायद्याकडून फार आशा धरू नका. 1948 च्या कारखाना कायद्यात 30 पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तरच पाळणाघर सक्तीचं होतं. म्हणजे मालकाने तिसाच्या आत थांबावं याची सोयच. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने 50 कर्मचारी, मग ते पुरुष असोत की बाया, अशी अट आणली, हे शहाणपणाचं झालं. पण धुणीभांडी करणारी किंवा कचरा वेचणारी यातल्या कुठल्या मोजणीत येते? 1969 मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था सुरू केली ती थेट बांधकामाच्या जागेवर, मजुरांच्या मुलांसाठी. तुमच्या वस्तीतल्या बऱ्याच जणी एकाच ठिकाणी कामाला जात असतील तर जागा घराजवळ हवी की कामाजवळ, हे भाडं ठरवण्याआधी त्यांनाच विचारा.

आता 'परवडणारं' याबद्दल. पाळणाघराचा सगळ्यात मोठा खर्च सांभाळणाऱ्या ताईंचा पगार. फी कमी ठेवायची म्हटली की पहिली कात्री तिथेच लागते, आणि त्या ताईही त्याच वस्तीतल्या, स्वतः आया असतात. एकीची कमाई वाढवायला दुसरीला तुटपुंज्या मानधनावर राबवायचं, आणि वर त्याला सक्षमीकरण म्हणायचं! कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने 1997 मध्ये दिवसाला 5 डॉलर फी केली, त्याने कामावर जाणाऱ्या आया वाढल्या हे खरं. पण मुलांच्या वागण्यावर आणि तब्येतीवर वाईट परिणाम दिसल्याचं काही अर्थतज्ज्ञांनी 2008 मध्ये मांडलं. आणि तिथे तर सरकारचा पैसा होता.

त्यामुळे निव्वळ फीवर चालवायचा हट्ट धरू नका. नगरपालिका, आयांचे मालक, देणगीदार, जिथून जमेल तिथून ताईंच्या पगाराची सोय आधी बघा. फी रोजची रोज घ्या, कारण रोजंदारीवाल्या बाईकडे महिन्याचे पैसे एकरकमी नसतात. आणि पैसे कमीच पडले तर सुरुवातीला मुलं कमी घ्या, पण सकाळचे तास कापू नका.