देखरेख समितीवर जाताना

या अंकासाठी निवडलेली तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) असलेल्या प्रौढ व्यक्तींसाठी सरकारी पैशातून किंवा सरकारी मान्यतेने ज्या सेवा चालतात, त्यांच्यावर विनावेतन देखरेख करणाऱ्या सामान्य नागरिकांनी नेमके काय करावे, हा तो विषय आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झाले आहे. आमच्या जिल्ह्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या पुरुषांचे एक अनुदानित निवासी केंद्र आहे. तेथील पालक संघटनेने मला संस्थेच्या भेट समितीवर घेतले असून पुढे जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीसाठीही आपले नाव सुचवू, असे म्हटले आहे. पहिल्या भेटीत आम्हाला चहा-पोहे मिळाले, मुलांनी (त्यांतील सर्वांत लहान ‘मूल’ 26 वर्षांचे आहे) स्वागतगीत म्हटले आणि शेरेबुकात ‘उत्तम व्यवस्था’ असे लिहून आम्ही परतलो. याला देखरेख म्हणावे का? आणि आमचे अधिकार तरी काय आहेत?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : चहा-पोह्यांना हरकत नसावी, पण शेऱ्याला आहे. ‘उत्तम व्यवस्था’ हे पाहुण्याचे वाक्य झाले, आणि आपल्याला तेथे पाहुणी म्हणून बोलावलेले नाही.

आधी अधिकारांविषयी, कारण बहुतेक गोंधळ तेथेच होतो. आपण उल्लेखिलेल्या दोन समित्या अगदी वेगळ्या आहेत. स्थानिक स्तर समिती 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम 13 नुसार स्थापन होते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी हा कायदा आहे. समितीत जिल्हाधिकारी दर्जाहून कमी नसलेला अधिकारी, राष्ट्रीय न्यासाकडे, म्हणजे या कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेकडे, नोंदणी झालेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे सदस्य असतात. समितीची मुदत तीन वर्षांची असते. अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमणे, त्या पालकाकडून हिशेब घेणे आणि तो कर्तव्याला चुकल्यास त्याला दूर करणे हे तिचे मुख्य काम आहे. एखाद्या केंद्राचे स्वयंपाकघर उघडून पाहण्याचा सरसकट अधिकार या तरतुदींतून मिळत नाही.

केंद्राच्या तपासणीचा धागा दुसऱ्या कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही, ते प्रमाणपत्र दर्शनी जागी लावावे लागते आणि अटी मोडल्यास सक्षम प्राधिकारी ते रद्दही करू शकतो. म्हणजे कायदेशीर तपासणी त्या प्राधिकाऱ्याची आणि अनुदान देणाऱ्या विभागाची आहे. आपली भेट समिती मात्र संस्थेच्या स्वतःच्या ठरावातून आलेली दिसते, त्यामुळे ठरावात जेवढे लिहिले असेल तेवढाच आपला अधिकार. म्हणून पुढच्या भेटीआधी नियुक्तिपत्र मागून घ्यावे आणि पूर्वसूचनेशिवाय येता येईल का, कोणत्या नोंदवह्या पाहता येतील, रहिवाशांशी कर्मचाऱ्यांच्या अनुपस्थितीत बोलता येईल का आणि आपला अहवाल कोणाकोणाकडे जाईल, हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. यांपैकी एखाद्या गोष्टीला संस्थेने नकार दिला, तर तो नकारही लेखीच घ्यावा, कारण पुष्कळदा अहवालाचे पहिले पान त्यानेच भरते.

आता काय पाहावे याविषयी. पाहणीची वेळ निम्मे काम करून जाते. सकाळी अकरा वाजता कोणतेही केंद्र नीटनेटके दिसते. खरी व्यवस्था दिसते ती रविवारी दुपारी, पाळी बदलताना आणि रात्रीच्या जेवणानंतर. जेवण संध्याकाळी सहालाच उरकत असेल, तर ती वेळ रहिवाशांच्या भुकेने ठरली आहे की स्वयंपाकिणीच्या शेवटच्या एस. टी. ने, हे विचारावे. रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी जागे असतात, हा प्रश्न व्यवस्थापकाला विचारून झाल्यावर रात्रपाळीच्या माणसालाही स्वतंत्रपणे विचारावा. बौद्धिक अक्षमतेबरोबर फिट्सचा विकार अनेकांना असतो आणि त्याच्या गोळ्या चुकवून चालत नाही. तेव्हा औषधांची वही उघडावी. दुपारी चार वाजता रात्री नऊच्या रकान्यात सही झालेली दिसली किंवा महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने एका बैठकीत केल्यासारख्या वाटल्या, तर त्या वहीवर विसंबता येणार नाही. कपड्यांचे कपाटही बोलके असते. प्रत्येकाचे कपडे वेगळे आहेत की सगळ्यांचे शर्ट एका ढिगात पडून ज्याच्या हाती जो येईल तो त्याचा, एवढे पाहिले तरी तेथे माणसाला माणूस म्हणून किती जागा आहे ते समजते. न्हाणीघराला आतून कडी आहे का, हेही पाहावे.

आपण बँकेतील आहात, हा या समितीचा मोठा लाभ आहे. अनेक रहिवाशांच्या नावे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे बँकेत जमा होतात. ती पासबुके कोणाच्या कपाटात आहेत, किल्ली कोणाकडे आहे, आणि पाच-पंचवीस जणांच्या खात्यांतून एकाच दिवशी एकसारखी रक्कम निघते का, हे आपल्या नजरेला पाच मिनिटांत दिसेल. तशी निघत असेल तर लगेच संशय घेऊ नये, कारण एखादा सामायिक खर्च असू शकतो. मात्र त्या खर्चाची पावती आणि त्याला रहिवाशाची किंवा त्याच्या पालकाची संमती दोन्ही मागावीत.

सर्वांत अवघड भाग रहिवाशांशी बोलण्याचा आहे आणि बहुतेक भेट समित्या तोच टाळतात. ज्यांचे आयुष्य दुसऱ्यांच्या मर्जीवर चालते, त्यांना ‘हो’ म्हणण्याची सवय लागलेली असते. ‘इथे चांगले वाटते ना?’ या प्रश्नाला होकारच मिळणार. त्याऐवजी काल संध्याकाळी काय केले, कोणाशेजारी झोपतोस, घरी फोन करायचा असेल तर कोणाला सांगतोस, असे विचारावे, आणि थोड्या वेळाने तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारावा. दोन्ही वेळा ‘हो’ आले तर पहिल्या उत्तराला अर्थ नाही. पन्नाशीच्या माणसाशी चिमुकल्याशी बोलावे तसे बोलू नये. जे बोलत नाहीत त्यांच्यासाठी छायाचित्रे न्यावीत. जेवणाचे ताट, कार्यशाळेतील टेबल, एखादा कर्मचारी यांचे फोटो समोर ठेवल्यावर ते कशाकडे बोट दाखवतात आणि कशापासून नजर वळवतात, ते नोंदवावे. एकाच भेटीवरून निष्कर्ष काढू नये.

हे सारे संशयी वाटेल, पण आपल्या राज्याचा अनुभव तसा आहे. 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद महिलांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली, तेव्हा त्या शस्त्रक्रिया थांबल्या त्या महिला संघटनांच्या विरोधामुळे. 2010 मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कवडास येथील बालगृहातील मुलांच्या मृत्यूची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली ती वृत्तपत्रातील बातमीवरून, आणि त्यानंतर डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली अशा बालगृहांसाठी समिती नेमली. दोन्ही वेळा नियमित तपासणीची यंत्रणा कागदावर होतीच. आज 2016 च्या कायद्याच्या कलम 10 नुसार स्वतंत्र आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया दिव्यांग व्यक्तीवर करता येत नाही. आपण कधी महिलांच्या केंद्रावर गेलात, तर वैद्यकीय नोंदी पाहताना हे कलम लक्षात ठेवावे.

शेऱ्यात शक्यतो विशेषण असू नये. ‘स्वच्छता समाधानकारक’ या दोन शब्दांऐवजी ‘14 रहिवाशांसाठी दोन शौचालये, त्यांपैकी एक बंद, व्यवस्थापकांच्या म्हणण्यानुसार महिन्यापासून’ असे लिहावे, म्हणजे पुढच्या भेटीत ते उघडले की नाही एवढेच पाहायचे राहते.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात फ्रेमाँटला राहतो. आमच्या 24 वर्षांच्या मुलाला स्वमग्नता आहे आणि त्याला रीजनल सेंटरमार्फत सेवा मिळतात. तेथील संचालक मंडळासाठी अर्ज करावा, असे काही मित्र सुचवतात. ज्या संस्थेकडून माझ्याच मुलाला सेवा मिळते, तिच्यावर मी देखरेख करणे योग्य ठरेल का? आणि महाराष्ट्रात अशी काही व्यवस्था आहे का?
(एक वाचक, फ्रेमाँट)

उत्तर : योग्य ठरेल, कारण तेथील कायद्यालाच आपल्यासारखी माणसे मंडळावर हवी आहेत. विकासात्मक अक्षमता (स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता यांसारख्या) असलेल्यांना सेवा मिळवून देणारी, 1969 च्या लँटरमन कायद्याच्या आधारे चालणारी ही 21 सेंटरे सरकारी कार्यालये नाहीत. राज्याच्या विभागाशी करार केलेल्या त्या ना-नफा संस्था आहेत आणि त्यांची संचालक मंडळे स्वयंसेवकांची असतात. मंडळावर निदान निम्मे सदस्य विकासात्मक अक्षमता असलेल्या व्यक्ती किंवा त्यांचे आईवडील अथवा कायदेशीर पालक असावे लागतात, आणि एकूण सदस्यांपैकी किमान एक चतुर्थांश स्वतः अक्षमता असलेले असावे लागतात. त्यांना बैठकीत भाग घेता यावा म्हणून प्रशिक्षण आणि सहायक देण्याची जबाबदारी सेंटरवर आहे. आठ वर्षांच्या काळात सात वर्षांपेक्षा जास्त कोणालाही मंडळावर राहता येत नाही. बैठका लोकांसाठी खुल्या असतात आणि त्यांची सूचना किमान सात दिवस आधी द्यावी लागते. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी दोन-तीन बैठकांना श्रोता म्हणून जाऊन बसावे. हितसंबंधांचे निवेदन दर वर्षी भरावे लागते, ते काळजीपूर्वक भरावे आणि आपल्या मुलाच्या सेवांना थेट स्पर्श करणारा विषय निघाला तर बाजूला व्हावे. एक गोष्ट मात्र आपण पत्रात विचारलेली नाही. आपला मुलगा प्रौढ आहे, तेव्हा मंडळावर जाण्यास त्याची काही हरकत आहे का, हे त्यालाही विचारलेले बरे. पुढे-मागे तोच अर्ज करू शकतो.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील एक तरतूद मला विशेष महत्त्वाची वाटते. सेंटरकडून पैसे घेऊन सेवा पुरवणाऱ्या संस्थेच्या कर्मचाऱ्याला मंडळावर बसता येत नाही. अपवाद एकच, तो म्हणजे पुरवठादारांच्या सल्लागार समितीने नेमलेला प्रतिनिधी. आपल्याकडील स्थानिक स्तर समितीची रचना याच्या जवळजवळ उलट आहे. तेथे नोंदणीकृत संस्थेच्या प्रतिनिधीला हक्काची जागा आहे आणि ती संस्था स्वतः त्याच जिल्ह्यात निवासी केंद्र किंवा कार्यशाळा चालवत असू शकते. जिल्ह्यात या विषयाची जाण असलेल्या संस्था मोजक्याच असतात, म्हणून ही रचना झाली हे समजण्यासारखे आहे. तरीही ज्याने सेवा द्यायची त्यानेच देखरेखीच्या टेबलावर बसायचे, हा माझ्या मते या कायद्यातील कच्चा दुवा ठरतो. तिसरी जागा दिव्यांग व्यक्तीची आहे, पण ती बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीलाच मिळावी, असे बंधन कायद्यात नाही. एक चतुर्थांशाचा आग्रह आपल्यापासून अजून बराच लांब आहे.

पालकांनी स्वतः पुढाकार घेतल्याची उदाहरणे मात्र आपल्याकडे आहेत. बदलापूरची ‘आधार’ आणि डोंबिवलीजवळ खोणी येथे ‘घरकुल’ चालवणारी अमेय पालक संघटना या पालकांनीच उभ्या केलेल्या संस्था आहेत. पालकांची संस्था म्हटली की बाहेरच्या डोळ्यांची गरज संपते असे नव्हे. उलट आपल्यानंतर काय, या चिंतेतून ज्यांनी ही घरे बांधली, त्यांनाच आपल्या पश्चात पाहणारे कोणीतरी हवे असते.

प्रश्न : माझी मावसबहीण 38 वर्षांची आहे आणि तिला सेरेब्रल पाल्सी व बौद्धिक अक्षमता आहे. मावशी गेल्यावर स्थानिक स्तर समितीने तिच्या काकांना पालक नेमले. तिच्या नावच्या फ्लॅटचे भाडे येते, पण ते कोठे जाते हे कोणालाच माहीत नाही. तिचा सख्खा भाऊ कॅनडात असून त्याने तेथील नागरिकत्व घेतले आहे. पालकत्व त्याच्याकडे देता येईल का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : भावाला देता येणार नाही, कारण न्यासाच्या नियमांनुसार पालक भारतीय नागरिक असावा लागतो. शिवाय स्त्रीचे पालकत्व एकट्या पुरुषाकडे सोपवायचे नाही, पत्नीसह सहपालक म्हणूनच द्यायचे, अशीही अट आहे. काकांची नेमणूक करताना ती पाळली गेली होती का, हे आदेशाच्या प्रतीवरून कळेल. प्रत आपल्याकडे नसेल तर समितीकडे मागावी.

भाड्याचा प्रश्न राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम 16 चा आहे. नेमणुकीपासून सहा महिन्यांत पालकाने स्थावर-जंगम मालमत्तेची, येण्यादेण्यांसह यादी द्यायची असते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमा, खर्च व शिल्लक यांचा हिशेब सादर करायचा असतो. या दोन्ही गोष्टी समितीकडे आल्या आहेत का, हे आधी लेखी विचारावे. आल्या नसतील, किंवा आकडे आणि फ्लॅटचा भाडेकरार जुळत नसतील, तर कलम 17 नुसार नातेवाईक म्हणून आपल्याला स्वतः पालक बदलण्याचा अर्ज करता येतो. नोंदणीकृत संस्थाही तो करू शकते. अर्जात काकांच्या स्वभावाविषयी काहीही लिहू नये. भाडेकराराची प्रत, बहिणीच्या औषधांची व सांभाळाची ज्ञात बिले आणि मिळालेला किंवा न मिळालेला हिशेब एवढेच जोडावे, आणि आवक क्रमांकाची पोच घ्यावी. पर्यायी पालक म्हणून कोण तयार आहे, त्याचे नाव संमतीसह त्याच अर्जात द्यावे, नाहीतर समितीला निर्णय घेता येत असूनही प्रकरण पुढच्या बैठकीवर जाते.

ही बैठक तीन महिन्यांनी असू शकते. मधल्या काळात बहिणीला उपाशी ठेवले जाते, मारहाण होते किंवा कोंडून ठेवतात असे कळले, तर समितीची वाट पाहू नये. 2016 च्या कायद्याच्या कलम 7 नुसार कोणीही व्यक्ती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे व्यवहारात तहसीलदारांना, ही माहिती देऊ शकते आणि तो प्रकार थांबवण्यासाठी व तिच्या संरक्षणासाठी पावले उचलणे त्यांना बंधनकारक आहे.