बेरोजगारी ३.२ टक्के, मग पारावरची पोरं कुठं गेली?

प्रश्न : सर, सरकार म्हणतं बेरोजगारी फक्त ३.२ टक्के. आमच्या गावात पारावर वीस-पंचवीस पोरं रोज बसलेली दिसतात. आकडा खोटा आहे का?

खोटा नाही हो, पण तुम्ही विचारताय एक आणि आकडा सांगतोय दुसरंच. हा २०२३-२४ च्या पीएलएफएस सर्व्हेचा, म्हणजे सरकारच्या रोजगार-बेरोजगारीच्या पाहणीचा आकडा. त्यात १५ वर्षांपुढच्या १०० जणांमागे साधारण ६० जण काम करणारे किंवा कामाला तयार असलेले निघाले, आणि टक्केवारी त्या ६० चीच काढतात, म्हणजे बेरोजगार झाले जेमतेम दोन. बाकीचे ४० हिशोबातच नाहीत. आता पारावरचा पोरगा वर्षभर रिकामा, पण सोयाबीन काढायला महिनाभर गेला असेल तर? ३० दिवस काम झालं की तो वर्षाच्या हिशोबात कामाला लागलेला! म्हणून मी ३.२ बघतच नाही, १५ ते २९ वयाचा आकडा बघतो, तो त्याच सर्व्हेत १०.२ आहे.

प्रश्न : मी पेंटर, रोज सकाळी डबा घेऊन नाक्यावर उभा राहतो. आठवड्यात एखाद दिवस काम मिळतं, तेही कधी अर्धा दिवस. मी कशात?

दादा, तुम्ही कामावर आहात. ३.२ हा वर्षाच्या हिशोबाचा, पण मोजायची दुसरी एक आठवड्याची पद्धत आहे. तिच्यात मागच्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलं तरी पुरतं. बाकी सहा दिवस डबा तसाच घरी परत आणला, ते टक्केवारीत दिसत नाही. एप्रिल २०२५ पासूनचे महिन्याचे आकडे याच पद्धतीचे, पहिलाच ५.१ आला होता. त्यामुळे ३.२ वरून ५.१, बेरोजगारी वाढली बघा असं कुणी व्हॉट्सॲपवर टाकलं तर फॉरवर्ड करू नका, दोन्हीची मापं वेगळी आहेत.

प्रश्न : मिस्टरांच्या किराणा दुकानात मी दुपारी बसते, पगार वगैरे काही नाही. मग मी गृहिणीच ना?

नाही ताई, तुम्हीसुद्धा रोजगारात! घरच्या धंद्यात बिनपगारी मदत हे काम धरतात, आणि धरायलाच पाहिजे, तुम्ही नसाल तर दुपारी शटर खाली जाईल. पण २०२३-२४ च्या त्याच सर्व्हेत देशात काम करणाऱ्या बायकांपैकी ३६.७ टक्के अशाच घरच्या मदतनीस होत्या. बायकांचा कामातला सहभाग २०१७-१८ मधल्या २३.३ वरून ४१.७ वर गेला म्हणून जे पेढे वाटतात ना, त्यांना मी एवढंच विचारतो, यातल्या किती जणींच्या हातात महिन्याला पैसे पडतात?

प्रश्न : पुण्यात चार वर्षं एमपीएससी करतोय. मी बेरोजगार का?

सर्व्हेवाल्याला काय सांगता त्यावर आहे. ‘काम मिळालं तर करीन’ म्हणालात तर बेरोजगार. ‘सध्या फक्त अभ्यास’ म्हणालात तर तुम्ही त्या हिशोबाबाहेरच्या ४० मध्ये. मेसचं बिल दोन्हीकडे सेमच.