मुलगा आठवीत आहे, शाळेला दांडी मारतो, शाळा नाव काढू म्हणतेय. पालकांवर केस होते का?

केस बिस काही होत नाही, आधी ती धास्ती सोडा. 2009 च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात कलम 10 आहे, 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, पण ते मोडलं तर दंड किंवा जेल असं त्यात कुठेच नाहीये. आणि नाव काढायचं म्हणाल तर कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही, त्यामुळे परत कोणी तसं म्हणलं तर शांतपणे "सर, हे लेखी द्या" म्हणायचं. (मी आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे, लेखी मागितलं की आवाज खाली येतो.)

पण म्हणून निवांत बसू नका, कारण महिन्याच्या वर सलग गैरहजर राहिला की सरकारी हिशोबात तो शाळाबाह्य, शिवाय आठवीत आता नापास करतात, फेरपरीक्षेची एक संधी मिळते तेवढीच. नववीत गेला की कलम 16 संपलं, आणि दहावीला बोर्डाची 75 टक्के हजेरी लागते.

तर पहिलं काम म्हणजे वर्गशिक्षकांकडून त्याच्या गैरहजेरीच्या तारखा घ्या. पालकांना हे सांगणं कलम 24 प्रमाणे त्यांचं कामच आहे, उपकार नाही. त्या तारखा वेळापत्रकाशेजारी ठेवून वार बघा. आमच्याकडे एक पोरगा ठराविक दोनच वारी गायब असायचा, आईवडिलांना वाटायचं संगत बिघडली, आणि निघालं काय तर त्या दोन दिवशी गणिताचा जोडतास असायचा, उत्तर चुकलं की सर सगळ्यांसमोर टोमणे मारून बाकावर उभं करायचे. मानसिक त्रास देणं कलम 17 खाली बंद आहे, समितीने सरांना बोलावून समज दिली, पोरगा हळूहळू यायला लागला. वार ठराविक नसतील तर मग मोबाईल, रात्रीचं जागरण, बसमध्ये त्रास देणारी मोठी पोरं, हे एकेक तपासा. मारू मात्र नका, पुढच्या वेळी घरी तोंडच उघडणार नाही.

कोणी मोठा माणूस त्याला पैसे देऊन कामाला किंवा भलत्याच नादाला लावतोय असा नुसता संशय आला तरी 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, चोवीस तास चालू असतो.