सहावीत क्लॅरिनेट हाती घेणाऱ्यास

अमेरिकेतल्या मिडल स्कूलच्या बँडसाठी तू क्लॅरिनेट निवडलेस, याचा मला मनापासून आनंद झाला. सुरुवातीला २ किंवा २½ क्रमांकाची (कडकपणा दाखवणारा आकडा) रीड, म्हणजे फुंकल्यावर कंप पावून आवाज काढणारी वेताची पातळ पट्टी, घे, ती तोंडात धरून नीट ओली कर आणि मगच माउथपीसवर, म्हणजे वाद्याच्या तोंडात धरायच्या भागावर, अशी बसव की दोघांची टोके बरोबर जुळतील. बँड सुरात लावताना शिक्षक बहुधा ‘कॉन्सर्ट बी फ्लॅट’, म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येणारा बी फ्लॅट हा स्वर, मागतील. तेव्हा तू तुझ्या कागदावरचा सी हा स्वर वाजवायचा, कारण आपले वाद्य लिहिलेल्या स्वरापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजते, म्हणून शेजारच्या फ्लूटवाल्यांच्या कागदावर बी फ्लॅटच लिहिलेला पाहून गोंधळू नकोस.

खरी कसोटी लागते ती मधल्या ए या स्वरावरून त्याच्या वरच्या बी वर जाताना. तिथे जवळजवळ सगळी भोके एकदम झाकावी लागतात आणि एक बोट जरी किंचित सरकले तरी वाद्य किंचाळते, म्हणून ए वाजवतानाच उजव्या हाताची बोटे भोकांवर ठेवून दे आणि ही एकच जागा रोज अगदी संथ लयीत घोटत राहा. माझ्या मते, नवी धून शिकण्यापेक्षा हे अधिक महत्त्वाचे आहे.

कार्यक्रमात चूक झाली तर थांबू नकोस, कंडक्टरच्या हाताकडे पाहून पुढच्या मात्रेला सामील हो. वाद्य आतून पुसल्याशिवाय मात्र पेटीत ठेवू नकोस, कारण ओलाव्याने पॅड, म्हणजे भोके झाकणाऱ्या मऊ चकत्या, खराब होतात.