मका लावलाच नाही, तरी मक्याची सबसिडी कशी?

प्रश्न: माझा भाचा अमेरिकेत आयोवात असतो. त्याने तिथल्या एका कौंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कोणाला किती शेती सबसिडी मिळाली ती यादी मला दाखवली, नावांसकट सगळं उघड! त्यात एकाने त्या वर्षी फक्त सोयाबीन लावलेलं, तरी खात्यात मक्याचे पैसे. वर काही जणांचे पत्ते चक्क शहरातले. हा घोटाळा समजायचा का?

उत्तर: नाही हो, नियमच तसा आहे, आणि माझ्या मते खरी चीड यायची ती त्या नियमाची. तिकडे भाव पडल्यावरची मदत उभ्या पिकावर मिळत नाही, 'बेस एकर'वर मिळते, म्हणजे त्या जमिनीत पूर्वी कुठलं पीक किती एकर असायचं त्याची सरकारदरबारी असलेली नोंद. नोंद मक्याची असेल तर यंदा सोयाबीन लावा नाहीतर रान पडीक ठेवा, हिशोब मक्याचाच होणार (भाज्या-फळं फार लावली तर मात्र थोडं कापतात).

आता आकडे बघा. पीएलसी नावाची योजना आहे, बाजारभाव ठरलेल्या भावाच्या खाली गेला तर फरक देणारी. तीत 2019 च्या मक्याला ठरलेला भाव होता बुशेलला (मक्याचं साधारण 25 किलोचं माप) 3.70 डॉलर आणि वर्षाचा सरासरी बाजारभाव निघाला 3.56, म्हणजे फरक 14 सेंट. समजा 100 बेस एकर आहेत आणि नोंदीतलं उत्पन्न एकरी 120 बुशेल, तर पैसे 85 टक्के एकरांवरच मिळतात म्हणून 85 गुणिले 120 गुणिले 14 सेंट, झाले 1428 डॉलर. तेही 2020 चा ऑक्टोबर उजाडल्यावर, कारण वर्षभराची विक्री संपल्याशिवाय सरासरी भाव कळतच नाही. 1000 एकरवाल्याला याच्या दहापट, त्याला गरज असो वा नसो.

शहरातले पत्ते बहुतेक जमीनमालकांचे असतील. बटईने दिली असेल तर मालकालाही पैशात वाटा मिळतो. रोख खंडाने दिली तर कागदावर सगळे पैसे कसणाऱ्याचे, पण मालक खंड वाढवून त्यातलं बरंच काढून घेतो, आणि ते कुठल्याच यादीत दिसत नाही.

अजून एक, 2019 चं वर्ष बघत असाल तर सांभाळून. चीनबरोबरच्या टॅरिफ भांडणाची भरपाई त्यात मिसळलेली आहे, आणि ती मात्र त्या वर्षी खरंच पेरलेल्या एकरांवर होती, कौंटीप्रमाणे दर एकरी 15 ते 150 डॉलर. म्हणजे दोन शेजारी कौंट्यांत सारखंच पीक असून रक्कम वेगळी असू शकते.

प्रश्न: मग एका माणसाला जास्तीत जास्त किती, याला काही लिमिट आहे की नाही?

उत्तर: आहे ना. बरीच वर्षं माणशी 1,25,000 डॉलर होतं, 2025 च्या कायद्याने 1,55,000 केलं. पण भागीदारीत शेती दाखवली तर प्रत्येक भागीदाराचं लिमिट वेगळं मोजतात, त्यामुळे भाऊ, बायको, पुतण्या सगळे भागीदार होतात! पीक विम्याला तर लिमिटच नाही, हप्त्याचा निम्म्याहून जास्त भाग सरासरी सरकार भरतं आणि कोणासाठी किती भरलं ती नावं कायद्यानेच गुप्त. तेव्हा भाच्याने दाखवलेल्या यादीत विम्याचे पैसे धरलेलेच नाहीत.