तुरुंग दाखवला की पोरं सुधारतात का?

प्रश्न : नववीतल्या चार मुलांनी शाळेजवळच्या दुकानांतून हेडफोन, पॉवर बँक असं सामान उचललं. त्यांना एकदा तुरुंग आतून दाखवावा, कैद्यांकडूनच चार खडे बोल ऐकवावेत, असं पालकसभेत ठरतंय. उपयोग होईल का? – एक मुख्याध्यापिका, सातारा

उत्तर : नाही. उलट अंगाशी यायचीच शक्यता जास्त. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात जन्मठेपेच्या कैद्यांनी १९७६ साली हाच उपक्रम सुरू केला होता. मुलांना आत आणायचं, त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडायचं, ‘इथे आलास तर तुझी काय गत होईल’ ते शिवराळ भाषेत ऐकवायचं. तीनेक तासांचा मामला. १९७८ मध्ये त्यावर निघालेल्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं आणि ठिकठिकाणी नकला सुरू झाल्या. ऐंशी-नव्वद टक्के मुलं सुधारतात, असा दावा होता. पण तशीच जी मुलं तुरुंगात गेली नव्हती, त्यांचं काय झालं हे कुणी पाहिलंच नव्हतं.

रटगर्स विद्यापीठातल्या जेम्स फिंकनॉर यांनी ते पाहिलं. सहा महिन्यांत, तुरुंग पाहून आलेल्या ४६ मुलांपैकी १९ जणांनी पुन्हा गुन्हा केला. न गेलेल्या ३५ पैकी चौघांनी. ज्यांच्या नावावर आधी काहीच नव्हतं, त्यांचा हिशेब तर जास्तच बोचरा आहे : गेलेल्या १९ पैकी ६, न गेलेल्या २१ पैकी १. कुणाला तुरुंगात न्यायचं, कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं होतं; मुलं पाठवणाऱ्या काही संस्थांनी तो नियम पाळला नव्हता, म्हणून या एकट्या अभ्यासावर भिस्त ठेवू नये. पण १९६७ ते १९९२ दरम्यानच्या अशा नऊ प्रयोगांचा (एकूण ९४६ मुलं) अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी एकत्र आढावा घेतला, तेव्हाही कौल तोच निघाला. ढोबळ मानाने, एरवी शंभरातली ५० मुलं पुन्हा सापडली असती, तर तुरुंग पाहून आल्यावर साठाच्या वर सापडतील.

प्रश्न : पण टीव्हीवर तर ही मुलं ढसाढसा रडताना दिसतात!

उत्तर : रडणं खरंच असतं. ते गेटबाहेर पडेपर्यंत टिकतं, एवढंच. परतीच्या गाडीत काय होतं ते डोळ्यांसमोर आणा : कोण रडला, कोण नाही रडला, याची चर्चा. जो रडला नाही तो टोळीचा दादा. ज्याची टर उडाली, त्याला आता आपण भ्यालेलो नाही हे दाखवून द्यायचं असतं. शिवाय ‘तू आमच्याच वाटेवर आहेस’ असं मोठी माणसं सांगतात, तेव्हा काही मुलं ते खरं मानून चालतात. आणि मुलाला शिक्षा किती मोठी आहे याचं भय नसतं, कारण आपण सापडणारच नाही असं त्याला वाटतं. उचलेगिरी दोन दिवसांत उघडकीस येणं, हे दहा वर्षांच्या कैदेच्या वर्णनापेक्षा जास्त चाप लावतं.

प्रश्न : मग ओळखीच्या हवालदारांना सांगून एक रात्र चौकीत बसवलं तर?

उत्तर : मुळीच नको. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम १० नुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतलं तर २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. तिथेही कलम १८ खाली समज देऊन सोडणं, समुपदेशन, समाजसेवा असे मार्ग आहेत.

शाळेने आधी आपल्या हातातलं करावं. एकेकाला वेगळं बोलवा, पालकांसमोर. वस्तू किंवा तिची किंमत दुकानदाराला मुलाच्याच हातून परत करवा. आईने गुपचूप पैसे भरले तर सगळं फुकट. शाळा सुटल्यापासून संध्याकाळी सातपर्यंत मुलगा कुठे असतो, हे घरच्यांना नेमकं विचारा. बहुतेक वेळा तिथेच मेख असते. समुपदेशक मिळाला तरी चौघांना एकत्र बसवू नका. बिघडलेल्या मुलांचा गट एकमेकांनाच धडे देतो.

प्रश्न : येरवड्याच्या ‘कारागृह पर्यटना’ला तरी न्यावं का?

उत्तर : २०२१ च्या प्रजासत्ताकदिनी सुरू झालेला तो उपक्रम स्वातंत्र्यलढ्यातल्या, पुणे कराराच्या जागा दाखवण्यासाठी आहे. इतिहासाची सहल म्हणून जरूर न्या, पण अख्ख्या वर्गाला. फक्त त्या चौघांना नाही.