ग्राहकाचे प्रश्न : तिकीट महागले, पडदा मात्र अंधूक

प्रश्न : दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही घरची चार माणसे सांगलीतील एका मल्टिप्लेक्समध्ये गेलो. प्रत्येकी २९५ रुपयांची तिकिटे मोबाइलवरून काढली, त्यावर सुविधा शुल्क वेगळे भरले. दारावर आईच्या पिशवीतील पाण्याची बाटली आणि राजगिऱ्याच्या वड्या काढून टेबलावर ठेवायला लावल्या. सहाच्या खेळाचा चित्रपट जाहिराती संपून सहा पंचवीसला सुरू झाला. चित्र इतके अंधूक होते की रात्रीच्या प्रसंगांत चेहरे ओळखू येत नव्हते, आणि मध्यंतरानंतर एसी बंद पडला. यातले कायद्याने काय चालते आणि काय चालत नाही?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटची गोष्ट मी आधी घेतो, कारण माझ्या मते खरी तक्रार तीच आहे आणि नेमकी तीच बहुतेक प्रेक्षक वाहनतळापर्यंत पोहोचता पोहोचता सोडून देतात. पैसे घेऊन दिलेल्या सेवेचा दर्जा उणा असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती सेवेतील त्रुटी ठरते. अंधूक चित्र आणि बंद पडलेला एसी या दोन्ही गोष्टींबाबत तसा दावा नक्की करता येतो. मात्र त्यासाठी त्याच वेळी बाहेर येऊन व्यवस्थापकाला सांगावे, लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी आणि तिकीट जपून ठेवावे. पुरावा म्हणून पडद्याचे चित्रीकरण करू नये. चित्रपटांच्या चोरट्या चित्रीकरणाविरुद्धचा कायदा २०२३ मध्ये अधिक कडक झाला आहे आणि तक्रारदारच अडचणीत यायचा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. तेथे ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील देणेही सक्तीचे नाही.

बाहेरचे खाद्यपदार्थ अडवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी चित्रपटगृहाच्या मालकांना मान्य केला, त्यामुळे वड्यांच्या बाबतीत आपला इलाज नाही. परंतु प्रेक्षकांना पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत मिळाले पाहिजे आणि तान्ह्या मुलांचे खाणे पालकांना आत नेऊ दिले पाहिजे, हेही त्याच वेळी नमूद झाले आहे. म्हणून बाटली ठेवून घेतली की पाण्याची सोय कोठे आहे, असे तेथेच विचारावे. खाद्यपदार्थांच्या काउंटरवरील विकतच्या बाटलीकडे बोट दाखवले गेले, तर ते उत्तर मान्य करू नये.

जाहिरातींच्या बाबतीत बेंगळुरूच्या ग्राहक आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रेक्षकाच्या बाजूने निकाल दिला होता आणि चित्रपट प्रत्यक्ष सुरू होण्याची वेळ तिकिटावर छापावी, असे म्हटले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्चमध्ये त्याला स्थगिती दिली. मला स्वतःला ती मागणी अगदी रास्त वाटते. आपल्या चार जणांची पंचवीस-पंचवीस मिनिटे कोणीतरी जाहिरातदाराला विकली आणि त्या विक्रीच्या जागेचे भाडे आपणच भरले.

सुविधा शुल्कावर महाराष्ट्र सरकारने घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केली. ते वाचवायचे, तर खिडकीवर तिकीट काढणे एवढाच मार्ग उरतो. आपल्या २९५ रुपयांपैकी ४५ रुपये जीएसटी आहे, कारण १०० रुपयांवरील तिकिटाला १८ टक्के दर कायम राहिला; २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला तो १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाचा दर, आणि तसले तिकीट मल्टिप्लेक्समध्ये क्वचितच दिसते. मूळ किमतीवर मर्यादा घालणे सोपे नाही. कर्नाटकाने त्याच महिन्यात २०० रुपयांची मर्यादा घातली आणि तेथील उच्च न्यायालयाने तिची अंमलबजावणी थांबवली. म्हणूनच माझा आग्रह असा की, किमतीवर हळहळत बसण्यापेक्षा त्या किमतीत काय मिळाले याचा हिशेब लेखी मागावा.

प्रश्न : वर्षाची वर्गणी आगाऊ भरलेल्या ओटीटीवर आता मधेच जाहिराती येतात. हे योग्य आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपण सेवेचे नाव दिलेले नाही, म्हणून सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण घेतो. अ‍ॅमेझॉन प्राइमचे सदस्यत्व भारतात २०१६ मध्ये ४९९ रुपयांत सुरू झाले आणि पुढे १,४९९ रुपयांवर गेले. १७ जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर जाहिराती आल्या आणि त्या नको असतील, तर वर्षाला आणखी ६९९ रुपये, म्हणजे एकूण २,१९८ रुपये. पूर्वी जे मूळ वर्गणीतच मिळत होते, त्याची ही वेगळी किंमत आहे आणि मला ती अन्यायाची वाटते. अटी बदलण्याचा अधिकार कंपन्या करारात राखून ठेवतात. तरीही आपली वर्गणी बदलापूर्वीची असेल, तर उरलेल्या महिन्यांचा परतावा लेखी मागावा. पुढच्या वर्गणीच्या, खात्यातून आपोआप होणाऱ्या वसुलीच्या किमान चोवीस तास आधी सूचना मिळणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. तो संदेश आला की लगेच उघडावा; ती वसुली तेथेच नाकारता येते.